हरभऱ्याची आंब आणि घाटेअळी: रब्बी २०२३-२४ च्या प्रकल्प नोंदी

१८ ऑक्टोबर २०२३

बियाण्याची पाकिटं आज एकदाची हातात आली. हरभऱ्याच्या ३६ लाईन (म्हणजे तपासायच्या वेगवेगळ्या जाती) आहेत आणि वर चार चेक, म्हणजे तुलनेसाठीचे माहितीतले वाण. त्यातली आयसीसी ५०६ ईबी ही घाटेअळीपुढं (हरभऱ्याचे घाटे म्हणजे शेंगा पोखरणाऱ्या अळीपुढं) बऱ्यापैकी टिकणारी, आयसीसीसी ३७ ही अळीला लगेच बळी पडणारी, आणि बाकीचे दोन आपल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या ओळखीचे, विजय आणि जाकी ९२१८. दोन टोकांचे चेक असल्याशिवाय या कामाला अर्थच नाही, कारण एखाद्या वर्षी अळीच आली नाही तर सगळ्याच लाईन चांगल्या दिसतात. आयसीसीसी ३७ खाल्ली गेली तरच म्हणायचं की परीक्षा झाली.

काम थोडक्यात असं आहे. हरभऱ्याच्या या लाईनमध्ये कुणाच्या अंगात मुळातच घाटेअळीला तोंड द्यायची ताकद आहे ते शोधायचं. फवारणी नाही, बीटी नाही, झाडाचं स्वतःचं जे काही असेल तेच. रेजिनाल्ड पेंटर या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १९५१ साली याचे तीन प्रकार मांडले ते अजून आम्ही तसेच वापरतो: किडीला झाड नकोसं वाटणं, झाड खाऊन किडीची वाढ खुंटणं, आणि किडीने खाल्लं तरी झाडाने पीक देणं. मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: नावड, बाधा, सहनशक्ती. आणि त्याखाली चौथा शब्द, "निसटणं", आणि त्यावर फुली. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की या कामात माणूस फसतो तो निसटलेल्या, म्हणजे अळीच्या तावडीत न सापडलेल्या, झाडाला टिकाऊ समजून.

२८ ऑक्टोबर

पेरणी झाली. यंदा पावसाने ऑगस्टमध्ये दगा दिला त्यामुळे जमिनीत ओलच नव्हती, आधी पाणी देऊन वाफसा आल्यावर पेरावं लागलं. प्रत्येक प्लॉट म्हणजे चार मीटरचे दोन तास (पेरणीच्या ओळी), दोन तासांत ३० सेंमी, दोन झाडांत १० सेंमी. ४० नोंदी गुणिले तीन रिप्लिकेशन (तीच पेरणी तीन ठिकाणी), १२० प्लॉट. बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाला अडवणारी मित्रबुरशी) आणि रायझोबियम (मुळांवर नत्र धरणारे जिवाणू) लावलं. हरभरा टोकायला मावश्या होत्या त्यांना सांगितलं की पाकिटातलं बी या तासातून त्या तासात जाता कामा नये, एक दाणा उडाला तरी चालणार नाही. त्यांनी खरंच डोळ्यांत तेल घालून काम केलं, एका मावशींनी तर पाकीट संपलं की हात झटकून, ओच्यात काही राहिलं नाही ना ते बघून मगच पुढचं पाकीट घेतलं.

कडेने चारही बाजूंनी आयसीसीसी ३७ चे तास, म्हणजे अळीला सुरुवातीला खायला मिळेल आणि तिथून ती आत पसरेल.

१७ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीवरून परत. उगवण छान, फक्त लाईन ८ आणि १९ विरळ, नांग्या (रिकाम्या जागा) भरायला बी शिल्लक नाही तेव्हा तसंच सोडलं. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावले. नर पतंग सापळ्यात यायला लागलेत, पण अजून एकदोनच.

शेजारचे आबा बांधावर आले होते. त्यांचाही हरभराच आहे. म्हणाले, "बाई, तुम्ही फवारणार नाही म्हणं, मग तुमची अळी माझ्याकडं येणार की." त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पतंग लांब लांब उडतात, बांध काय त्यांना अडवणार. मी त्यांना कबूल केलं की त्यांच्या बाजूच्या बांधावर पक्षी थांबे आणि सापळे जास्तीचे लावून देईन, आणि अळी मोजायला जाईन तेव्हा त्यांच्या शेतातलीही मोजून सांगेन, म्हणजे त्यांना अंदाजाने फवारावं लागणार नाही. एक मीटर तासात एकदोन अळ्या दिसल्या की आर्थिक नुकसानीची पातळी आली, म्हणजे आता फवारणं परवडतं, असं धरतात, ते त्यांना काठीने मोजून दाखवलं. त्यांना ते पटलं. एक मीटरची काठी तोडून घेऊन गेले.

२५ नोव्हेंबर

अंडी दिसायला लागली. शेंड्याच्या कोवळ्या पानांवर एकेकटं घातलेलं, खसखशीच्या दाण्याएवढं, पिवळसर पांढरं. भिंग लावलं की त्यावर वरून खाली उभ्या रेघा दिसतात. एकेकटं घालते हीच तर अडचण, पुंजके असते तर वेचून काढता आले असते. एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते.

आज पिंजऱ्यातल्या चाचणीसाठी निवडक लाईन कुंड्यांमध्येही पेरल्या. शेतातल्या झाडांवर अळी येईल की नाही ते निसर्गाच्या हातात, कुंडीतल्या झाडांवर ती आमच्या हाताने सोडता येते.

२८ नोव्हेंबर

परवा आणि काल अवकाळीने झोडपलं. कितीतरी ठिकाणी गारा पडल्या, लोकांची द्राक्षं, कापूस गेला, त्यापुढं आमचं काहीच नाही म्हणायचं. प्लॉटमध्ये पाणी साचलं होतं ते चर काढून बाहेर काढलं.

पण आज एक गोष्ट नीट बघायला मिळाली ती सविस्तर लिहून ठेवते. हरभऱ्याच्या पानांवर, देठांवर, घाट्यांवर बारीक केस असतात, त्यांच्या टोकाला ग्रंथी, आणि त्यातून आंबट रस पाझरतो. हीच आपली आंब. सकाळी हरभऱ्यातून चाललं की पाय चुरचुरतात, कपड्यावर डाग पडतात ते याच्यामुळंच. त्यात मुख्य मॅलिक आणि ऑक्झॅलिक ॲसिड. पावसाच्या आधी गुरुवारी मी काही लाईनच्या पानांना लिटमस कागद टेकवला होता तो टेकवताक्षणी लाल झाला होता. आज त्याच झाडांना टेकवला तर फिकट गुलाबी, काही ठिकाणी तर रंगच बदलला नाही. जिभेला लावून बघितलं, नुसतं हिरवं लागतं, आंबटपणा नाही. सगळं धुऊन गेलं.

आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "खार धुतला गेला, आता अळी पडणार बघा." म्हणजे जे मी कागद टेकवून शिकतेय ते त्यांना आधीच माहिती. ढगाळ हवेने अळी येते असं सगळे म्हणतात, पण त्या ढगातून पाऊस पडला तर झाडाची ढालही जाते. आता बघायचं असं की कोणती लाईन हा खार किती दिवसांत परत तयार करते. हे मूळ आराखड्यात नव्हतं, पण हातात आलेली संधी सोडायची नाही. दर दोन दिवसांनी दहा लाईनची पानं घेणार.

२ डिसेंबर

पद्धत अशी बसवली. ठरावीक वजनाची पानं डिस्टिल्ड पाण्यात बुडवून काढायची, पान चुरडायचं नाही, फक्त वरचा रस पाण्यात उतरला पाहिजे. मग त्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकून सोडियम हायड्रॉक्साईडने टायट्रेशन, म्हणजे ते थेंबाथेंबाने घालत जायचं, गुलाबी रंग टिकला की थांबायचं. यातून एकूण आम्ल कळतं. त्यात मॅलिक किती आणि ऑक्झॅलिक किती हे नाही कळत, त्यासाठी एचपीएलसी (द्रवातले घटक वेगळे करून मोजायची पद्धत) लागतं, नमुने बाहेर पाठवावे लागतील. आणि तो फरक महत्त्वाचा आहे, कारण कृत्रिम खाद्यात ऑक्झॅलिक ॲसिड घातलं की अळीची वाढ खुंटते, मॅलिक घातलं की तशी खुंटत नाही. म्हणजे जिभेला जास्त आंबट लागणारी लाईन जास्त टिकाऊ असेलच असं नाही.

पाचव्या दिवसापर्यंत लाईन २७ आणि आयसीसी ५०६ ईबी बऱ्यापैकी सावरल्या. आयसीसीसी ३७ मागे आहे. लाईन ११ सुद्धा मागे, हे लक्षात ठेवायचं कारण शेतात लाईन ११ आत्तापर्यंत सगळ्यात स्वच्छ दिसतेय.

६ डिसेंबर

आज डिटॅच्ड लीफ ॲसे, म्हणजे तोडलेल्या पानांवर अळ्या सोडून बघायची चाचणी, लावला. प्लास्टिकच्या कपात तीन टक्के अगर-अगर (समुद्री शेवाळापासूनची जेली) गरम असताना ओतायचा, कप कलता ठेवून, थिजला की त्यात शेंड्याची फांदी खोचायची, तीनचार पानांची. अगर पाणी पुरवतो त्यामुळे फांदी पाच दिवस टवटवीत राहते. मग उंटाच्या केसांच्या ब्रशने दहा नवजात अळ्या प्रत्येक कपात. १४ लाईन, प्रत्येकीचे पाच कप, सत्तर कप, सातशे अळ्या. अळी एवढीशी की ब्रशच्या टोकावर आहे की नाही ते श्वास रोखून बघावं लागतं, फुंकर लागली तरी रेशमाच्या धाग्याला लोंबकळते.

सगळ्यात महत्त्वाचं, फांद्या धुवायच्या नाहीत. आमच्या लॅबमध्ये कुठलाही नमुना आला की आधी नळाखाली धरायची सवय आहे सगळ्यांना, तशी एका ज्युनियरने दोन लाईनच्या फांद्या स्वच्छ धुऊन, टिपून, छान मांडून ठेवल्या होत्या. त्याला बिचाऱ्याला वाटलं मदत होतेय. त्या फांद्या बाजूला ठेवून परत शेतातून आणल्या. धुतलेल्या फांद्या मात्र फेकल्या नाहीत, त्यांचेही वेगळे कप लावले, "धुतलेलं" असं लिहून. बघू तरी काय होतं.

१३ डिसेंबर

पाच दिवसांनी, म्हणजे सोमवारी ११ ला, रीडिंग घ्यायचं होतं. त्या दिवशी मी पन्नास कपांचंच घेऊ शकले. कुलूपबंद खोली, चावी ज्यांच्याकडे ते लवकर निघून गेले, बाकीचे वीस कप आज मोजले. आणि त्या वीस कपांत भलतंच चित्र. दहाच्या जागी चार, कुठं तीन अळ्या, पण ज्या आहेत त्या मोठ्या आणि गुबगुबीत. पहिल्यांदा मनात आलं, वा, मरतूक किती जास्त. मग एका कपात एक अळी दुसरीच्या कमरेला तोंड लावून बसलेली दिसली आणि कळलं. घाटेअळी जरा मोठी झाली की आपल्याच भावंडांना खाते. झाडाने मारलेल्या आणि एकमेकींनी मारलेल्या यांत मला फरक सांगता येणार नाही, म्हणून ते वीसही कप रद्द. त्यात लाईन २७ चे दोन कप होते, फार वाईट वाटलं. ते वीस कप परत लावायचे, आणि खोलीची दुसरी चावी माझ्याकडं मागून घेतली.

जे पन्नास वेळेत मोजले त्यांचं मात्र छान आलं. नुकसानीला १ ते ९ गुण देतात, १ म्हणजे दहा टक्क्यांच्या आत खाल्लेलं, ९ म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या वर. आयसीसीसी ३७ ला सरळ ९, देठ तेवढे उरलेत. लाईन २७ ला ४ च्या आसपास. पण मला गुणांपेक्षा वजनांनी जास्त पटवलं. २७ वरच्या अळ्या जिवंत आहेत, मेल्या फार कमी, पण वजन आयसीसीसी ३७ वरच्या अळ्यांच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे खाताहेत पण अंगी लागत नाहीये. ही खरी बाधा. अशी अळी शेतात जास्त दिवस लहान राहते, तेवढे दिवस ती कोळ्यांच्या, पाखरांच्या, परजीवी माश्यांच्या तावडीत सापडायची शक्यता वाढते, आणि कोषात जाऊन पतंग झालीच तरी उशिरा होते.

धुतलेल्या फांद्यांचं: दोन्ही लाईन त्यांच्या न धुतलेल्या फांद्यांपेक्षा जास्त खाल्ल्या गेल्या. कप कमी आहेत, यावरून पेपर नाही लिहिता येणार, पण मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय आणि पुढच्या वर्षी हा प्रयोग व्यवस्थित लावायचाच.

१९ डिसेंबर

आज फुलोऱ्याच्या तारखा लावल्या आणि लाईन ११ चं कोडं सुटलं.

११ ही अतिशय लवकर फुलणारी निघाली. बाकीच्यांना आत्ता कुठं फुलं लागताहेत, हिचे घाटे भरत आलेत. सापळ्यातल्या पतंगांचा आलेख काढून शेजारी ठेवला तर सरळ दिसतं, पतंगांची मोठी लाट गेल्या आठवड्यात आली, आणि पतंगाला अंडी घालायला कळीफुलातलं झाड जास्त आवडतं. ११ ची ती वेळ आधीच निघून गेली होती. ती टिकली नाही, ती निसटली. कपात तिचे गुण ७ आले होते ते आता जुळतं.

शेतकऱ्याच्या दृष्टीने निसटणंही कामाचंच आहे, लवकर येणारं वाण अळी चुकवत असेल तर त्याला काय वाईट म्हणायचं. पण त्यावर विसंबता येत नाही, पुढच्या वर्षी लाट पंधरा दिवस आधी आली की तेच वाण सगळ्यात आधी मार खाणार. आणि मी जर ११ ला टिकाऊ म्हणून पुढं क्रॉसिंगला (संकरासाठी) दिली असती तर कुणाची तरी पाचसहा वर्षं फुकट गेली असती. म्हणून आजपासून तुलना फक्त एकाच वेळी फुलणाऱ्या लाईनमध्ये. लवकर, मध्यम, उशिरा असे तीन गट पाडले. हे सुरुवातीलाच करायला पाहिजे होतं, फुलोऱ्याची जुनी माहिती पाकिटांसोबत आली असती तर पेरणीच तशी केली असती.

३ जानेवारी २०२४

आता शेतात घाटेअळीचं खरं रूप दिसतंय. घाट्याला गोल भोक, डोकं आत, अर्धं अंग बाहेर, आणि दाणा संपला की पुढचा घाटा. एक अळी तिच्या आयुष्यात तीसचाळीस घाटे नासवते असं म्हणतात. रंग किती तरी, हिरव्या, तपकिरी, पिवळट, एक तर जवळपास गुलाबी, पण अंगाच्या दोन्ही बाजूंना लांबट पट्टे सगळ्यांना.

प्रत्येक प्लॉटमध्ये पाच झाडं खूण करून ठेवलीत, म्हणजे सहाशे झाडं, आणि प्रत्येक झाडाच्या प्रत्येक फांदीवर अंडी, लहान अळी, मोठी अळी असं वेगळं मोजायचं. दोन दिवस लागतात. मान आणि कंबर दोन्ही धरतात.

लाईन २७ वर अंडी कमी नाहीत, हे लिहून ठेवणं गरजेचं. म्हणजे पतंगाला ती नकोशी नाहीये. अंडी तेवढीच पण मोठ्या अळ्या कमी. मधल्या मध्ये कुठंतरी गळताहेत. आणि आज त्याच प्लॉटमध्ये मला कॅम्पोलेटिसचे कोष सापडले. ही एक बारीक गांधीलमाशीसारखी परजीवी, लहान अळीच्या अंगात अंडं घालते, आतून तिचं पिल्लू अळीला पोखरतं आणि बाहेर येऊन मळकट पांढरा, काळे ठिपके पट्टे असलेला कोष विणतं, शेजारीच अळीचं वाळलेलं कातडं चिकटलेलं. एकाच झाडावर तीन. जास्त दिवस लहान राहिलेल्या अळ्या हिला जास्त सापडत असाव्यात असा माझा अंदाज, पण ते वेगळं मोजून सिद्ध करावं लागेल. एक मात्र आहे, हाच आंबट रस ट्रायकोग्रामासारख्या अंड्यांवरच्या चिमुकल्या मित्रकीटकांना त्रासदायक ठरतो, हरभऱ्यावर ते नीट काम करत नाहीत. झाडाची ढाल शत्रू आणि मित्र असं बघून नसते.

वाईट बातमी: दुसऱ्या रिप्लिकेशनमध्ये २७ ला मर (झाड वाळवणारा बुरशीचा रोग) लागली. आठ झाडं माना टाकून उभी, मूळ चिरून बघितलं तर आत काळपट रेघ. आयसीसी ५०६ ईबीलाही तोच त्रास. अळीला टिकणाऱ्या बऱ्याच लाईन मर रोगाला बळी पडतात हे वाचलं होतं, आज समोर बघितलं. विजय मात्र शेजारी ठणठणीत, तो मरीला टिकतोच, पण घाट्यांना भोकं आहेत.

११ जानेवारी

आज येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात पूजा करून तिथंच जेवायचा सण. मोजणी बंद. एका मावशींच्या शेतात जेवायला बोलावलं होतं. कडब्याची कोप (खोपी), आत पूजेला मांडलेले पांडव, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. भज्जीत ओली तूर, वाटाणा आणि हरभऱ्याचे सोलाणे (ओले हिरवे दाणे). सोलाणे सोलताना मावशींच्या सासूबाई अळी निघाली की चिमटीत धरून बाजूला टाकत होत्या आणि घाटा न टाकता उरलेला दाणा घेत होत्या.

त्यांच्याकडून आंब काढायची रीत नीट विचारून घेतली. थंडी पडली की संध्याकाळी पांढरं धुवट कापड हरभऱ्यावर अंथरायचं, दव पडून पहाटेपर्यंत ते ओलं होतं, मग सूर्य वर यायच्या आत काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात पिळायचं, पितळेच्या नाही. "पितळेत पिळलं तर कळकतंय," त्या म्हणाल्या. ती आंब बाटलीत भरून वर्षभर ठेवतात, पोट दुखलं, अपचन झालं की चमचाभर पाण्यातून. मग मी विचारलं की सगळ्या हरभऱ्याची आंब सारखीच निघते का. त्यांनी लगेच सांगितलं, नाही, पूर्वी घरचा बारीक लाल हरभरा होता त्याची आंब दात आंबवायची, आताच्या टपोऱ्या हरभऱ्याची पाणचट असते. "आणि त्या हरभऱ्याला अळी?" असं विचारल्यावर थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "असायची की. पर एवढी नसायची." तो बारीक लाल हरभरा आता कुणाकडे आहे का, तर त्यांच्या माहेरी एका घरी असेल म्हणाल्या. गावाचं नाव लिहून घेतलंय. सणाच्या दिवशी मिळालेली ही या हंगामातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे असं मला वाटतंय.

१८ जानेवारी

पिंजऱ्याची चाचणी. कुंडीतली झाडं फुलोऱ्यात आली, प्रत्येक कुंडीत पाच झाडं, त्यांवर २० नवजात अळ्या सोडून वरून जाळी बांधली. इथं अळीला पर्याय नाही, हेच खायचं नाही तर उपाशी राहायचं. लाईन ११ मुद्दाम उशिरा पेरून घेतली होती म्हणजे तिला निसटायला जागाच राहू नये.

२४ जानेवारी

जाळ्या काढल्या. ११ चा फडशा. २७ ची पानं कुरतडलेली, पण शेंडे शिल्लक, फुलं शिल्लक. लाईन ३३ ने मला चकित केलं, खाल्ली भरपूर गेली पण खालून नवे फुटवे काढतेय. ती तिसऱ्या प्रकारातली, सहनशक्तीवाली असू शकते. तिच्या कुंड्या तशाच ठेवून शेवटी दाणे मोजणार.

दुपारी बालाघाट डोंगररांगेच्या उतारावर रानतूर बघायला गेलो. हे आमच्या प्रकल्पात नाही पण सर कधीपासून म्हणत होते. कजानस स्कॅराबिऑइडिस, जमिनीलगत पसरणारा वेल, तीन पानांचा, आणि इवल्याशा शेंगा. भिंगाखाली शेंग अक्षरशः फरसारखी दिसते, आखूड केसांचं दाट जंगल, नवजात अळीला शेंगेच्या सालीपर्यंत पोचायलाच जागा नाही. आपल्या शेतातल्या तुरीची शेंग घेऊन शेजारी धरली तर केस विरळ, आणि ग्रंथींचा चिकट रस असलेले. आणि गंमत बघा, हरभऱ्यात ग्रंथीचा रस अळीला नडतो, तुरीत मात्र ग्रंथींचा रस अळीला खायला उद्युक्त करतो. कीड तीच, डाळवर्गीय पिकं दोन्ही, आणि केसांचा अर्थ बरोबर उलटा. म्हणून एका पिकावरून दुसऱ्याचं ठरवता येत नाही. इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने हैदराबादजवळ पटानचेरूला तुरीचे १४,००० हून जास्त नमुने या अळीसाठी तपासले आणि हाती लागली ती कमी ते मध्यम ताकद, मोठी ताकद रानटी नात्यातच दिसते. निदान या रानतुरीचा आपल्या तुरीशी संकर होतो हे नशीब. हरभऱ्याला तसं जवळचं नातं म्हणजे आग्नेय तुर्कस्तानातला सायसर रेटिक्युलेटम हा रानहरभरा, तो काही आपल्या बांधावर उगवत नाही. उतारावर गुरं चरत होती, वेल बरेच खुडलेले. वाळलेल्या शेंगांतलं मूठभर बी आणलं.

१२ फेब्रुवारी

काढणी. प्रत्येक खूण केलेलं झाड वेगळ्या कागदी पिशवीत. घाटे सुटे करून भोकाचे आणि बिनभोकाचे वेगळे मोजले, मावश्या तीन दिवस बसल्या होत्या. आबांनी दोन फवारण्यांत भागवलं यंदा, नाही तर चार होतात म्हणाले. काठी अजून त्यांच्या खोपटात टांगलेली आहे.

२७ फेब्रुवारी

विश्लेषण झालं. मध्यम गटात २७ आणि आयसीसी ५०६ ईबी यांच्यात लक्षणीय फरक नाही, नुकसानीत दोघीही आयसीसीसी ३७ पेक्षा स्पष्ट खाली. २७ शेतात चांगली, कपात चांगली, पिंजऱ्यात चांगली, तिन्हीकडं जुळणारी अशी ती एकटीच. तरी तिचेही घाटे खाल्ले गेलेच, कुणी समजू नये की अळी हिला शिवतच नाही. एका फवारणीची बचत झाली तरी मला ती हवी आहे. दाणा बारीक आहे, व्यापारी नाक मुरडेल. ३३ ने कुंडीत दाणे बऱ्यापैकी दिले पण शेतात उशीर झाल्याने उन्हात सापडली, तिच्याबद्दल अजून काही म्हणणार नाही. ११ ला "निसटणारी" असा शेरा.

एचपीएलसीचे नमुने पाठवले, बर्फात घालून. २७ मध्ये ऑक्झॅलिक जास्त निघतं की नाही यावर माझी झोप अडकलेली आहे.

९ मार्च

पुढच्या रब्बीचा आराखडा दिला. २७ गुणिले विजय हा क्रॉस, अळीला तोंड द्यायची ताकद एकीकडून आणि मरीला तोंड द्यायची दुसरीकडून. हरभऱ्याचं फूल उमलायच्या आतच स्वतःचं परागीकरण उरकून घेतं, त्यामुळे कळी कोवळी असतानाच चिमट्याने पुंकेसर काढावे लागतात आणि बऱ्याच कळ्या गळून जातात, हात बसवायला आत्तापासून कुंडीतल्या उशिरा फुलांवर सराव सुरू केलाय. आज बारा कळ्या केल्या, नऊ तुटल्या. त्यासोबत आंब धुण्याचा प्रयोग, आणि तीन पेरणीच्या तारखा म्हणजे निसटायला वाव नको.

दुपारी त्या मावशींच्या सासूबाईंच्या माहेरच्या गावाहून निरोप आला होता म्हणून गेले. माजघरात मातीच्या लहान उतरंडीत, वर राख पसरून ठेवलेला, बारीक तांबूस हरभरा, अर्धा शेर असेल. त्या घरच्या आजींनी ओंजळभर दिला आणि म्हणाल्या पेरल्यावर आमचं आम्हाला मूठभर परत आणून दे. राख झटकून शंभर दाणे मोजले, एकालाही भुंगेऱ्याचं भोक नव्हतं. पाकिटावर लाईन ३७ असा नंबर टाकला.